उधारीचा प्रवास

आमच्या घरात प्रवासाची तयारी शिवणकामापासून सुरू व्हायची. बाबांच्या बंडीला आतून एक चोरखिसा होता. पंढरपूर असो की नागपूरचा दवाखाना, निघायच्या आदल्या रात्री आई त्यात नोटांची घडी सरकवायची आणि खिशाचं तोंड दोऱ्यानं बंद करून टाकायची. वाटखर्चाचे तेवढे वेगळे, शर्टाच्या खिशात. बाकीचे मुक्कामाला पोचल्यावर, दार लावून, ब्लेडनं टाके उसवून काढायचे. दर्यापूरकडच्या कापूस पिकवणाऱ्या घरांत यात नवल काहीच नव्हतं. रात्रभर गाडीत बाबांचा हात छातीवर असे. समोरच्या बाकावरच्यांना वाटे, या माणसाला धाप लागते.

प्रवास किती लांबचा हे तो खिसाच ठरवायचा. काशी राहिली ती त्यामुळेच. अंतराची धास्ती नव्हती. एवढे पैसे अंगावर घेऊन दोन रात्री झोपायचं कसं, याची होती.

मी पुण्यात नोकरीला लागले तेव्हा दिवाळीला गावी जायचं म्हणजे पहाटेपासून स्टेशनवरच्या आरक्षणाच्या रांगेत उभं राहायचं. खिडकीपर्यंत पोचावं तर महाराष्ट्र एक्स्प्रेसची वेटिंग लिस्ट पुढे पळालेली. 2002 च्या ऑगस्टमध्ये रेल्वेनं इंटरनेटवर तिकीट विकायला सुरुवात केली आणि पुढे ती सोय पुण्यातही आली. आजच्या मुलांना गंमत वाटेल, पण तेव्हा पैसे संगणकावर भरायचे आणि छापील तिकीट कुरिअरनं घरी यायचं. तिकीट आधी येतं की दिवाळी, अशी परिस्थिती. क्रेडिट कार्ड मी घेतलं ते या तिकिटापायी. बाबांना सांगितलं तर ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "उधारीवर गाडीत बसाचं? आन् पैसे उतरल्यावर महिन्यानं द्याचे? मंग इनातिकीट जाणाऱ्यात आन् तुयात फरक काय, बाई?"

त्यांचं चुकत होतं असं मला आजही म्हणवत नाही. वऱ्हाडात कर्ज हा विषय पुस्तकातून कळत नाही, घरातून कळतो. पेरणीला पोतंभर दाणे घ्यायचे आणि सुगीला सव्वा पोतं द्यायचं ती सवाई. दीड पोतं द्यायचं ती दिडी. कितीतरी शेतं या दोन अपूर्णांकांत बुडाली. कार्डाचंही गणित मी एकदा बाबांना कागदावर मांडून दाखवलं. बिलाची सगळी रक्कम मुदतीत भरली तर साधारण दीड महिन्यापर्यंत पैसे बिनव्याजी वापरायला मिळतात. पण बिलावर एक छोटा आकडा असतो, किमान देय रक्कम. तेवढीच भरून निश्चिंत झालं की उरलेल्यावर अनेक कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या घरात व्याज चढतं, आणि नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते. वर्षाचे बेचाळीस टक्के. बाबांनी बोटांवर मोजलं आणि म्हणाले, "म्हंजे सवाईच्या वर, दिडीच्या खाली." एवढ्या नेमक्या शब्दांत मला हे कोणत्याच बँकेनं सांगितलेलं नाही.

तरी उधारीचा प्रवास आमच्या मुलखाला नवा नव्हता. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. त्याच्या थोडं आधी अमेरिकेतल्या यादवीनं वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आणला होता. अमरावती, अकोला, खामगावच्या पेढ्यांवर तेव्हा हुंडीचा व्यवहार चाले. दर्शनी हुंडी असेल तर दाखवताक्षणी पैसे, मुदतीची असेल तर ठरल्या दिवशी. सावकाराकडे रोकड ठेवायची आणि त्याच्या चार ओळींच्या चिठ्ठीवर दूरच्या शहरात, त्याच्या आडत्याकडून, तेवढेच रुपये उचलायचे. व्यापारी तर हे करतच, यात्रेकरूही करत. वाटेत लुटारूंच्या हाती लागला तर कागद. आमच्या पणजोबांची अशा पेढीवर पत असती तर चोरखिसा शिवायची वेळच आली नसती. पण पत असलेल्यालाच पत मिळते. कार्डाच्या अर्जावर पगाराची चिठ्ठी मागतात तेव्हा मला ती पेढी आठवते. मालक बदलले, उंबरठा तोच.

एसटीत मात्र हिशेब उलटा चाले. परतवाड्याहून अमरावतीला जाताना कंडक्टरकडे सुटे नसले की तो तिकिटाच्या मागे आकडा लिहून द्यायचा. उतरताना तो आकडा आपण मागायचा. गर्दीत विसरला तर गेला. म्हणजे गाव येईपर्यंत मी महामंडळाची सावकार, तीही बिनव्याजी! कॉलेजच्या वर्षांत माझे कितीतरी रुपये असे तिकिटांच्या पाठीवर राहून गेले. आता कंडक्टरच्या गळ्यातलं यंत्र स्वतः क्यूआर दाखवतं. 2023 पासून बायकांना निम्मं भाडं झालं, 2025 च्या जानेवारीत भाडेवाढ झाली आणि सुट्या रुपयांची हुज्जत नव्यानं पेटली; तेव्हा या चौकोनानं बऱ्याच भांडणांची हवा काढली. नाहीतर "सुटे द्या जी" आणि "मले काय टांकसाळ दिली काय" एवढ्या दोन वाक्यांवर अमरावती यायचं.

आमच्या बनोसा स्टेशनात शकुंतला यायची तेव्हाचं तर काही विचारूच नका. मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी ती अरुंद रुळांची गाडी, मालकी एका ब्रिटिश कंपनीची, आणि गार्डच उतरून तिकिटं फाडायचा. घाई कुणालाच नसे, गाडीला तर मुळीच नाही. आता अमरावती-अकोला रस्त्यावर टोलला काच खाली करावी लागत नाही, फास्टॅग आपसूक कापतो. याच महामार्गावर 2022 च्या जूनमध्ये लोणी ते माना असा 75 किलोमीटरचा डांबरी पट्टा 105 तास 33 मिनिटांत अंथरला गेला. गिनीजमध्ये नोंद झाली. शकुंतलेला एवढ्या तासांत किती बाभळी ओळखीच्या झाल्या असत्या!

मोबाइलच्या भरवशावर निघालेल्या माणसानं एकदा धारणीची वाट धरावी. परतवाडा मागे पडलं, मेळघाटचा घाट लागला की फोनवरच्या काड्या एकेक करून गळतात. सेमाडोहच्या पुढचं हरिसाल हे 2016 मध्ये देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून गाजलं, मायक्रोसॉफ्टचं नाव त्याला जोडलं गेलं. गाजलेल्या गावाच्या अलीकडे पलीकडे मात्र आजही असे पट्टे आहेत, की तिथे तुमचं कार्ड म्हणजे प्लास्टिकची पट्टी. तिथल्या एका टपरीवर आम्ही चौघांनी भजी खाल्ली आणि पैसे द्यायला गेलो तर फोन नुसताच फिरतोय. कुणाकडे रोकड नाही. टपरीवाल्या बाई म्हणाल्या, "वापस येसान तवा द्या." नाव विचारलं नाही, गाडीचा नंबर पाहिला नाही. परतताना आम्ही दिले, हे सांगायला नकोच. पण त्या बाईंनी आमची पत कशावरून ठरवली, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही.

आणि याच मातीतला एक माणूस होता, त्यानं पैशाचा प्रश्नच निकालात काढला होता. शेंडगावला 1876 मध्ये जन्मलेले, मूर्तिजापूरजवळच्या दापुऱ्यात वाढलेले गाडगेबाबा. हातात खराटा, डोक्यावर गाडगं, खिसाच नाही. मात्र दुसऱ्यांचा प्रवास सोपा व्हावा म्हणून त्यांनी पंढरपूरला, नाशिकला, आळंदीला, मुंबईला धर्मशाळा उभ्या करवल्या. मुंबईतल्या मोठ्या दवाखान्यात रोगी घेऊन आलेल्या गरिबाला टेकायला जागा मिळाली ती त्यांच्यामुळे. हॉटेलच्या अॅपवर मी सवलतीचा कोड शोधत बसते तेव्हा कधीकधी हे आठवतं आणि मी जरा ओशाळते. मग कोड टाकतेच.

बाबांनी कार्ड घेतलं नाही ते नाहीच. पण दर महिन्याला माझं स्टेटमेंट त्यांना हवं असतं. गावी गेले की मी ते छापून नेते आणि ते चष्मा लावून, लाल पेन घेऊन, जिनिंगची पट्टी तपासावी तसं ओळ न् ओळ वाचतात. हिशेबासाठी वाचतात म्हणावं तर तसंही नाही. बेलोऱ्याच्या विमानतळावर गेल्या वर्षी उतरलेली मी, शेगावची कचोरी, अकोल्याचं औषधाचं दुकान, बडनेऱ्याचा चहा, सगळा प्रवास त्यांना त्या कागदावर परत करता येतो. हल्ली रुपे कार्ड यूपीआयला जोडल्यापासून टपरीवरचा चहाही त्यात येतो आणि समोर टपरीवाल्याचं पूर्ण नाव उमटतं. ज्यांना वर्षानुवर्षं नुसतं काका म्हटलं, त्यांचं आडनाव मला असं कळलं. परवा बाबा एका ओळीवर अडले. मूर्तिजापूर, वीस रुपये, पुढे कुणाचं तरी नाव.

"हा कोन?"

"स्टेशनबाहेरचा चहावाला, बाबा."

पेन तसंच हवेत. "अरे, हा त आपल्या बनोस्याच्या मास्तरचा पोरगा दिसते. त्यानं तुयाकडून पैसे घेतलेच कसे?"