मंडईचे जेवण, सूर्यास्तापूर्वी

भाऊबीज उरकली की इतर महाराष्ट्रात दिवाळी संपते. गोंदिया जिल्ह्यात मात्र त्यानंतर खरी धांदल सुरू होते. आमगाव, सालेकसा, देवरी, गोरेगाव, अर्जुनी मोरगाव या तालुक्यांत आज या गावी, तर उद्या त्या गावी मंडई भरते. हलके धान घरी आलेले असते, भारी धान बांधीत पिवळे पडत असते. हाती थोडा पैसा असतो आणि कापणीचा दुसरा जोर येईपर्यंत थोडी उसंत. दिवसा बाजार, गोवाऱ्यांचा ढोल आणि दंडार. रात्री वडशाच्या एखाद्या मंडळीचे नाटक, तेही पहाटेपर्यंत. लेकी-जावई येतात, सोयरिकीची बोलणी निघतात. १९९९ च्या १ मे रोजी भंडाऱ्यातून गोंदिया हा वेगळा जिल्हा झाला, परंतु मंडईच्या बाबतीत दोन्हीकडची झाडीपट्टी आजही एकच आहे.

मंडईला आलेल्या पाहुण्याचा मान जेवणाने राखला जातो आणि बहुसंख्य घरांत ते जेवण म्हणजे कोंबडी किंवा बोकडाचे मटण. ज्याचा त्याचा आचार ज्याच्या त्याच्या घरी. बँकेच्या नोकरीत या भागात असताना मंडईची आमंत्रणे मला दरवर्षी येत आणि ती नाकारणे म्हणजे ते घरच नाकारण्यासारखे होते. माझ्यासाठी वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात वरण-भात रांधणारी माणसे मी पाहिली आहेत. प्रश्न उलट बाजूने येतो. तीच मंडळी आपल्या गावच्या मंडईला आपल्याकडे आली, तर त्यांच्यापुढे काय वाढावे? व्यापारानिमित्त येथे स्थिरावलेल्या आपल्या घरांना हा प्रश्न जुनाच आहे. मानाचा पदार्थच ताटात नसेल, तर पाहुण्याला आपला मान झाला असे कसे वाटावे?

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मुलांना हाच प्रश्न याच दिवसांत पडतो. तेथे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगचा सण असतो. त्याचे मूळही सुगीच्या आनंदात आहे आणि ताटाच्या मध्यभागी भाजलेला टर्की पक्षी हवाच, असा तेथील संकेत. शाकाहारी घरांत त्याच्या जागी सोयाबीनचा टर्कीसारखा दिसणारा गोळा ठेवण्याची पद्धत निघाली आहे. मला ती पटत नाही. जे खायचे नाही, त्याचे सोंग तरी ताटात कशाला? त्यापेक्षा तेथीलच लाल भोपळा किंवा मक्याची भाकरी पुढे ठेवणारी घरे मला अधिक समजूतदार वाटतात. आपल्याकडे सोयाबीनच्या गोळ्याची जागा पनीरने घेतली आहे. गोंदियाच्या बाजारातून पनीर आणायचे, तयार मसाल्यात शिजवायचे आणि पाहुणचार झाला म्हणायचे! ज्या पाहुण्याने मुलाच्या लग्नात, पुतण्याच्या वाढदिवसाला आणि तालुक्याच्या ढाब्यावर हेच खाल्ले आहे, त्याला त्यात मंडई कोठून दिसावी?

माझ्या मते मंडईचा मान राखू शकेल असा पदार्थ एकच, तो म्हणजे पाटवडीचा रस्सा. विदर्भात तो घरोघरी होतो, पण कांदा-लसणाशिवाय त्याला झणका येत नाही, अशी समजूत आहे. ती खरी नाही. सुके खोबरे, धणे, जिरे, लवंग, दालचिनी आणि तमालपत्र निरनिराळे भाजून वाटावे; आल्याऐवजी सुंठ घ्यावी, लाल मिरची आणि हिंग सढळ असावा. रस्सा दाट होण्यासाठी भाजलेल्या तिळाचे कूट पुरते. बेसन हळद-तिखट घालून घट्ट शिजवावे, तेल लावलेल्या परातीत थापावे, शंकरपाळ्यासारख्या वड्या कापाव्यात आणि पंगत बसताना रश्श्यात सोडाव्यात. आधी सोडल्या तर फुटतात. वरचा लाल तवंग पाहिला की पाहुण्याचा हात आपोआप भाकरीकडे जातो.

या पदार्थाचा आणखी एक गुण आहे. मंडईचे दिवस चातुर्मासात येतात, ज्ञानपंचमीही त्यातच. पंचमी-अष्टमीला हिरवी भाजी वर्ज्य असणाऱ्या घरांत कोरड्या डाळीवरच भागवावे लागते. वांगी बहुबीज म्हणून अनेक घरांत येत नाहीत. तळ्यातली कमळकाकडी कंदमूळ. पाटवडीला यातले काहीच लागत नाही. जोडीला कढी करणार असाल तर एवढेच जपावे, की ताक आधी चांगले तापवून मगच त्यात बेसन घालावे. कच्च्या ताकात डाळीचे पीठ कालवले की द्विदळ होते.

वड्यांसाठी झाडीपट्टीत लाखोळीची डाळ वापरतात. उभ्या धानात ओलीवर फेकून घेतलेले हे पीक गरिबाला स्वस्तात पडे. तिच्यावरच महिनोन्महिने गुजराण केल्यास पाय लुळे पडतात, म्हणून १९६१ साली केंद्र सरकारने तिच्या विक्रीवर बंदी घातली होती. एका दिवसाच्या वड्यांनी काही बिघडत नाही असे येथील जुनी माणसे सांगतात. आमच्या घरी मात्र बरबटीचेच वडे होतात. बरबटी पहाटे भिजत घालून दुपारी वाटायची. रात्रभर भिजवलेले वाटण नको.

भातासाठी जुना तांदूळ बरा, नवा चिकट होतो. पण नव्या तांदळाला ताटात जागा द्यायलाच हवी, नाहीतर मंडई कसली? त्याची गूळ-वेलदोडे घातलेली खीर करावी. शेजारच्या बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तो सुवासिक तांदूळ मिळाला तर खिरीला दुसरे काही लागत नाही.

उरली वेळ, आणि आपल्याकडे सर्वांत मोठा फरक तिथेच पडतो. मटणाचे जेवण रात्री आठ-नऊला होते. आपल्या घरी चौविहार असतो. कार्तिकात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे पंगत चारला बसली पाहिजे. ‘एवढ्या लवकर?’ असे पाहुणे पहिल्या वर्षी विचारतात. दुसऱ्या वर्षी विचारत नाहीत, कारण जेवून उठल्यावर दंडार अजून चालू असते आणि नाटकाला पुढची जागा मिळते.

लाभ पाहुण्यांपेक्षाही घरच्या बायकांचा. मंडईच्या रात्री गावातील कितीतरी गृहिणी दहा वाजेपर्यंत चुलीपुढे असतात आणि नाटकाचा पहिला अंक कर्ण्यावरून कानी येईल तेवढाच ऐकतात. आमच्याकडे सहाला भांडी पालथी पडतात. मग आमच्या घरातल्या तिघी, शेजारच्या दोघींना हाक मारून, सतरंजी काखेत घेऊन मंडपाकडे निघतात. पडदा उघडायला चांगले चार तास असतात. तोवर बाजारातून बांगड्या घेऊन होतात.