छातीतली साल

६ जानेवारी २०२५, सोमवार
धाकट्या भावाला आज मिरजेत दाखल केलं. ऑक्टोबरच्या अखेरीपासून संध्याकाळचा ताप आणि उजव्या बरगडीत कळ. तालुक्याच्या एका दवाखान्यात सुईनं तीनदा छातीतलं पाणी काढलं. पहिल्यांदा लिटरभर निघालं, दुसऱ्यांदा कपभर, तिसऱ्यांदा सुई कोरडी. पाणी आटलं म्हणून आम्हाला घरी पाठवलं आणि आम्हीही देवापुढे नारळ फोडला. पाणी आटलं नव्हतं, घट्ट झालं होतं.

७ जानेवारी
सर्जनांनी केसपेपरच्या मागे चित्रं काढली. फुप्फुसावर एक आवरण, छातीच्या आतून दुसरं, आणि त्या दोहोंमध्ये पू. सुरुवातीला तो पातळ असतो, तेव्हा नळी घातली की भागतं. मग जाळी धरते, कप्पे पडतात. तेही दुर्बिणीतून साफ होतात. महिना-दीड महिना गेला की साल धरते आणि फुप्फुस तिच्यात जखडून बसतं. आपण इथे आहोत, म्हणत त्यांनी तिसऱ्या चित्रावर पेन टेकवलं. टीबीच्या गोळ्या चालू आहेत, त्या सहा महिने घ्यायच्याच. पण ही साल गोळ्यांनी विरघळत नाही.
आईनं विचारलं, ‘‘फुप्फुस कापणार का हो?’’
‘‘नाही आजी, मोकळं करणार.’’

९ जानेवारी
सकाळी आठला आत नेलं, दीडला बाहेर आणलं. भूल देताना दुहेरी नळी घालतात, म्हणजे एका फुप्फुसावर श्वास चालतो आणि दुसरं शांत राहतं. शेवटी ते हळूहळू फुगवून बघितलं, तळापर्यंत भरलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. काढलेली साल ट्रेमध्ये दाखवली. भिजलेल्या चामड्यासारखी, पिवळट, कुठेकुठे अर्धं बोट जाड. हे ओझं घेऊन माझा भाऊ दोन महिने श्वास घेत होता.

१० जानेवारी, रात्र
कुशीतून दोन नळ्या निघून खाटेखालच्या बाटल्यांत गेल्यात. नळीचं टोक पाण्यात बुडालेलं. त्यानं श्वास घेतला की नळीतलं पाणी वर चढतं, सोडला की उतरतं. खोकला की बुडबुडे येतात. सिस्टरांनी दोनच गोष्टी बजावल्या: बाटली छातीच्या वर उचलायची नाही, आणि पाणी हलायचं थांबलं तर लगेच हाक मारायची. मी जमिनीवर चटई टाकून त्या पाण्याकडे बघत बसलो. डोळा लागला की दचकून उठायचो. पाणी हलत असायचं.
रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरांना विचारलं, पाणी कशाला? म्हणाले, आतलं बाहेर यावं पण बाहेरची हवा आत जाऊ नये म्हणून. १९१८च्या फ्लूच्या साथीत अमेरिकेच्या लष्करी छावण्यांत पू झालेल्या जवानांची छाती लवकर उघडत. पू पातळ असतानाच हवा आत शिरून फुप्फुस मिटायचं, आणि शंभरात तिसेक दगावायचे. एव्हर्ट्स ग्रॅहम हे सर्जन ज्या समितीत होते, तिनं आधी बंद पद्धतीनं पू काढायचं ठरवलं. मग मृत्यू शंभरात पाचाच्या खाली आले. वेळ चुकली की तोच उपाय जीव घेतो, हे मला पटलं. आमची वेळ दुसऱ्या बाजूनं चुकली होती.

१४ जानेवारी, संक्रांत
आईनं सिस्टरांना, आयांना, शेजारच्या खाटेवरच्या काकांना तिळगूळ वाटला. धाकटा फुप्फुसाच्या व्यायामाच्या, तीन छोट्या चेंडूंच्या यंत्रातून श्वास ओढतो. परवा एकच चेंडू हलला होता, आज दुसरा वर टेकला. दुखतं, डोळ्यांत पाणी येतं, तरी दर तासाला ओढायचंच. फिजिओथेरपीच्या ताई उशी छातीशी धरून खोकायला लावतात. ऑपरेशन सर्जननं केलं, पण फुप्फुस फुगवतोय तो स्वतः.

१८ जानेवारी
बुडबुडे परवाच थांबले होते. ‘‘खोल श्वास घे, धरून ठेव,’’ म्हणत दुसरीही नळी काढली. एक्स-रेत उजवी बाजू काळी दिसते, म्हणजे हवा भरली. नोव्हेंबरात तिथं सगळं पांढरं होतं.

२० जानेवारी
घरी आलो. धाकटा जिना चढला, मध्ये एकदाच थांबला.
हे पान कुणाच्या हाती पडलं तर एवढं ऐका. छातीतलं पाणी काढताना सुई कोरडी आली आणि ताप मात्र उतरला नाही, तर आटलं असं समजू नका. त्याच आठवड्यात सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करून छातीच्या सर्जनला दाखवा.