पाट कुठे फुटला?

जळगावहून धुळ्याला मोटारीने जायला दोन तास पुरतात. गेल्या भाऊबीजेला आम्हाला सहा लागले. त्यातले चार तास आम्ही रस्त्याच्या कडेला बसून काढले, आणि आज विचाराल तर त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

रस्ता नव्वदेक किलोमीटरचा. पूर्वी याला राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६ म्हणत, आता ५३ म्हणतात. बांभोरीच्या पुलावर गिरणा ओलांडली की पाळधी, मग अंजनीकाठचे एरंडोल, मग पारोळे. दुतर्फा काळी जमीन, बोंडे फुटून पांढरी झालेली कपाशी, मधेच ज्वारी. इथल्या सगळ्या नद्या अखेर तापीलाच मिळतात.

आमची गाडी म्हणजे वडिलांनी घेतलेली जुनी फियाट. तीत आई, सौ., दोन मुले, बहिणीसाठी फराळाचे डबे आणि मागे डिकीत मुलांचे फटाके. हा शेवटचा जिन्नस वाचकांनी ध्यानात ठेवावा.

गाडीला महिनाभर पेट्रोलचा वास येत होता. पंपाखाली थेंब दिसत. मोटारीतले मला अर्धे कळते, आणि अर्ध्या हळकुंडाने पिवळे होण्याची आमची जुनी खोड. तेव्हा मिस्त्रीला विचार करायला वेळ न देता मी पंपाचा पडदा बदलायला लावला. थेंब थांबले नाहीत. पंपाचे स्क्रू दोनदा आवळले. तरीही थांबले नाहीत. मग मी स्वतःची समजूत घातली, “जुनी गाडी आहे, थोडा वास यायचाच!” आज सांगतो, याहून धोक्याचे वाक्य मोटारवाल्याच्या तोंडी नसेल.

पारोळे सोडून थोडे पुढे गेलो तोच आई म्हणाली, “अरे, डोकं चढलं या वासानं.” गाडी थांबवून वाकून पाहिले, तर थेंब नव्हे, धारच! आणि धुराड्याची तापलेली नळी तिथून वीतभर अंतरावर. किल्ली बंद केली. सौ.ने मुलांना आणि आईला पन्नास पावले दूर निंबाखाली नेले, आणि परत येऊन फटाक्यांची पिशवी उचलून नेली. डबे मागाहून. पेट्रोलची वाफ हवेहून जड, ती खालीच रेंगाळते. म्हणून बॉनेट उघडून बराच वेळ वारा लागू दिला आणि मग बॅटरीची तार सोडवली.

एवढ्यात एस.टी.ची वाट पाहणारे एक म्हातारे गृहस्थ सहज चालत आले. हातात पेटलेली विडी!

“बाबा, विडी!” सौ. निंबाखालून ओरडली.

त्यांनी ती तिथेच वहाणेखाली चिरडली आणि मगच जवळ आले. “काय व्हयनं भाऊ?”

मी पंपाकडे बोट दाखवले. बाबा साक्रीकडचे. वडील पांझरेच्या फडावर पाटकरी होते. फड म्हणजे खानदेशातली काही शतकांची पाणीवाटपाची पद्धत. नदीवर दगडी बंधारा, त्यातून उताराने काढलेला पाट, एका फडात सगळ्यांचे एकच पीक, आणि पाणी कोणाला केव्हा द्यायचे ते पाटकऱ्याने बघायचे. पाट फुटला तर शोधायचाही त्यानेच.

बाबा म्हणाले, “पानी जठे दिसस, तठेच पाट फुटेल नही ऱ्हास, भाऊ.”

पाणी दिसते तिथेच पाट फुटलेला नसतो. ओल उताराला लागते, तिच्या उलट चढत जायचे. मी पुन्हा इंजिनाकडे पाहिले. महिनाभराची काळी धूळ सगळीकडे बसली होती, फक्त पंपापासून वर कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या नळीवर एक बारीक, धुतल्यासारखी रेघ होती. महिनाभर ती रेघ माझ्या डोळ्यांसमोर होती!

इंजिन थंड होऊ दिले. आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्याने सारे सांधे कोरडे पुसले. आमच्या पंपाला हाताने दाबायची एक छोटी दांडी आहे. तिने इंजिन बंद असतानाही पेट्रोल चढते. ती हळूहळू दाबत राहिलो. वरच्या टोकाला, रबरी नळीच्या पट्टीखाली, मोत्याएवढा थेंब जमला, नळीच्या अंगाने घरंगळत पंपावर आला आणि तिथून खाली टपकला. बिचारा पंप निर्दोष होता. इंजिन थांबले की पंपही थांबतो, म्हणून सवडीने पाहायला जावे तेव्हा ती जागा कोरडीच सापडे.

नळी काढून वाकवली, तर बाहेरून भेगा आणि आतून लिबलिबीत. पेट्रोलमध्ये हल्ली वीस टक्के इथेनॉल असते; हे मिश्रण २०२३ पासून पंपांवर येऊ लागले. जुन्या गाड्यांतले काही जातीचे रबर त्याने फुगते, मऊ पडते. ते ठाऊक असूनही मी नळीकडे पाहिले नव्हते.

मोटारसायकलवरून चाललेल्या एका मुलाने पारोळ्याहून नळी आणायचे कबूल केले. मापाला जुना तुकडा दिला आणि बजावले, “पाण्याची नको, इथेनॉलच्या पेट्रोलला चालणारीच आण, आणि दोन नव्या पट्ट्याही.” दिवाळीचे दिवस, दुकाने बंद. त्याला यायला अडीच तास लागले. तोवर निंबाखाली फराळ झाला. बाबांची एस.टी. येऊन गेली, पण ते उठले नाहीत. लागलेली गळती अर्धी टाकून पाटकऱ्याचा मुलगा कसा जाईल?

नवी नळी बसवली, पुन्हा पुसले, दांडी दाबली, पंधरा मिनिटे थांबून कोरडा कागद फिरवला. कागद कोरडाच राहिला. मगच बॅटरी जोडून, सगळ्यांना दूर ठेवून इंजिन सुरू केले. थेंब नाही!

बाबांना बरोबर घेऊन दिवेलागणीला धुळ्यात शिरलो. त्यांनी पांझरेच्या पुलाजवळ उतरून नदीला हात जोडले.

बहीण निरांजन घेऊन उभीच होती. पण तिला थांबवून सौ.ने मला साबणाने तीनदा हात धुवायला लावले, ते स्वतः हुंगून पाहिले, आणि मगच ओवाळू दिले.