किती वर्षांपासून?

२००१ सालची गोष्ट. मी नुकताच बी. कॉम. झालो होतो. खोपोलीकडच्या एका कारखान्यात क्लार्कच्या जागेसाठी मुलाखत होती. थोरल्या भावाचा शर्ट इस्त्री करून घातला आणि कर्जतहून लोकलने गेलो. साहेबांनी विचारले, "हाऊ लाँग हॅव यू बीन लर्निंग इंग्लिश?"

मी ताठ बसून उत्तर दिले, "सर, आय ॲम लर्निंग इंग्लिश सिन्स इलेव्हन इयर्स."

साहेब शेजारच्या गृहस्थाकडे पाहून हसले. मग मराठीतच म्हणाले, "अकरा वर्षांत एवढंच?"

नोकरी मिळाली नाही. ती केवळ त्या वाक्यामुळे गेली असे मी म्हणणार नाही. पण त्या हसण्याने माझे तोंड बंद केले, हे खरे. पुढे दुसरीकडे चिकटलो, इंग्रजीत पत्रे टाईप केली, हिशेब लिहिले. पण चारचौघांत इंग्रजी बोलायची वेळ आली की मी फाईल शोधायला उठत असे.

माझे चुकले काय, हे मला फार उशिरा कळले. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असे. पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले ते २००० साली. मी १९९० मध्ये पाचवीत गेलो. काळांचे तक्ते घोकून पाठ केले, पण ते काळ माणसाच्या आयुष्यात कुठे लागतात हे कोणी सांगितले नाही.

आपण मराठीत म्हणतो, "मी अकरा वर्षांपासून इंग्रजी शिकतोय." शिकतोय हा वर्तमानकाळ. काम मागे सुरू झाले आणि अजून चालू आहे, तरी मराठीला वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीला तो पुरत नाही. मागची अकरा वर्षे आणि आजचा दिवस एकाच क्रियापदात बांधायचा, तर तिला 'हॅव बीन लर्निंग' लागते. माझ्या 'ॲम लर्निंग'मध्ये आजचा दिवस होता, मागची वर्षे नव्हती.

दुसरी चूक 'पासून'ची. आपण '१९९० पासून' म्हणतो आणि 'अकरा वर्षांपासून'ही म्हणतो. इंग्रजी यात भेद करते. सुरुवात कधी झाली हे सांगायचे तर 'सिन्स', किती काळ लोटला हे मोजायचे तर 'फॉर'. सिन्स नाइन्टीन नाइन्टी. फॉर इलेव्हन इयर्स. एवढाच फरक आहे. पण आपला एकच 'पासून' दोन्हीकडे चालतो, म्हणून आपला पाय तिथेच घसरतो. ही अक्कल कमी असण्याची खूण नव्हे. मातृभाषेची सवय आहे.

गेली काही वर्षे मी दर रविवारी आमच्या समाजमंदिरात मुलांना इंग्रजी शिकवतो. तक्ता नंतर काढतो, आधी लोकलची गोष्ट सांगतो. कर्जत-खोपोली गाडी पळसदरीला थांबली आहे. "गाडी पंधरा मिनिटांपासून उभी आहे." म्हणजे 'फॉर फिफ्टीन मिनिट्स'. "सात वाजल्यापासून उभी आहे." म्हणजे 'सिन्स सेव्हन ओ'क्लॉक'. गाडी अजून हलली नाही, म्हणून 'हॅज बीन स्टँडिंग'. हलली, केळवली मागे पडले, की मग 'स्टुड'. मुले हसतात आणि विसरत नाहीत.

मुलांना मी हेही सांगतो की मराठी गरीब नाही. "आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ही भाषा बोलत आलो आहोत." या 'बोलत आलो आहोत'मध्ये मागची वाट आणि आजचा मुक्काम दोन्ही आहेत. "आजोबा मोडी लिहीत असत." हा आपला रीती भूतकाळ, इंग्रजीत तिथे 'यूज्ड टू' येते. आणि सर्वांत गोड म्हणजे "मला मराठी येते." इंग्रज माणूस भाषा 'जाणतो', आपल्याकडे ती 'येते'. येणारी वस्तू जाऊही शकते, हे मात्र मला एका मुलीने शिकवले.

वर्गात खालापूरच्या बाजूच्या वाडीवरची एक कातकरी मुलगी येते. आपल्या घरातील माणसांवर पाच वाक्ये लिहा, असे सांगितले होते. तिने लिहिले, "माय ग्रँडमदर स्पोक कातकरी ऑल हर लाइफ."

मी म्हणालो, "बाळ, 'स्पोक ऑल हर लाइफ' म्हटले की ऐकणारा समजतो, आजी वारली. आजी आहे ना?"

"आहे, सर."

"मग 'हॅज स्पोकन' लिही."

ती पेन्सिल तशीच धरून बसली. मग हळूच म्हणाली, "पण सर, आजी आता बोलत नाही. ती कातकरीत बोलली की आई तिला गप्प करते. पोरं तशी बोलली तर शाळेत हसतात म्हणून."

मला एकदम खोपोलीचे ते साहेब आठवले. मी इंग्रजी बोलत नव्हतो, कारण कोणी हसले होते. या म्हातारीने स्वतःची भाषा सोडली, त्याचेही कारण तेच.

कर्जत-खालापुरात आपल्या शेजारी कातकरी वाड्या आहेत. वीटभट्टीवर, शेतावर आपण एकत्र राबतो. ग्रियर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणाचा मराठीचा खंड १९०५ साली निघाला, त्यात कातकरी बोलीची वेगळी नोंद आहे. आणि आपण? आपल्या पोरांना कोणी हसले तर आपण चिडतो; पण कातकरी पोराच्या बोलण्यावर आपल्याही ओट्यावर हशा पिकतो, हे मी कानांनी ऐकले आहे. कधी काळी मीही त्यात होतो.

त्या दिवशी मी वाक्य खोडले नाही. म्हणालो, "पुढच्या रविवारी आजीकडून दहा शब्द विचारून आण. मग काळ कोणता लावायचा ते आपण ठरवू."

पुढच्या रविवारी तिने तेवीस शब्द आणले. म्हणाली, "आजी थांबेचना." आई काय म्हणाली, हे मी विचारले. "ती पण सांगत होती," असे उत्तर आले. मग तिने स्वतःच 'स्पोक' खोडून त्यावर 'हॅज स्पोकन' लिहिले.

मुलांना इंग्रजी शिकवाच. त्याशिवाय पुढचे दार उघडत नाही, हे मी भोगले आहे. चुकले तर चुकू द्या, फक्त हसू नका. आणि घरात एखादे म्हातारे माणूस जुन्या बोलीत बोलत असेल, तर त्यालाही गप्प करू नका. ते माणूस आहे तोवर तो काळ चालू आहे.