डोळा फसण्याआधी

डोळा फार लवकर जुळवून घेतो. ट्यूबलाइटच्या खोलीतून पिवळ्या बल्बच्या खोलीत गेलं की भिंत घटकाभर पिवळी दिसते, मग पांढरीच वाटू लागते. एरवी सोयीचा असलेला हा गुण फिल्मच्या रंगांचं ग्रेडिंग करणाऱ्याच्या मुळावर येतो. शॉटमध्ये निळा जरा जास्त झाला आणि आपण तो बघतच राहिलो, की डोळा त्या निळ्याशी तह करून टाकतो. मॉनिटरमागची भिंत करडी आणि तिच्यावरचा उजेड ६५०० केल्विनचा ठेवतात तो डोळ्याला ठिकाणावर आणायला. तरी तो फसतोच. खरं दिसतं ते पहिल्या नजरेला.

म्हणून दाविंची रिझॉल्व्ह या ग्रेडिंगच्या सॉफ्टवेअरमधले शॉर्टकट मला वेळ वाचवण्यापेक्षा नजर वाचवण्यासाठी मोलाचे वाटतात. शिफ्ट-डी दाबलं की सगळी ग्रेड बाजूला होऊन कॅमेऱ्यातलं मूळ चित्र समोर येतं. पुन्हा दाबलं की आपलं काम परत. कंट्रोल-डीने निवडलेला नोड, म्हणजे ग्रेडमधला एक टप्पा, तेवढा बंद-चालू होतो. हेच माऊसने करायला गेलं तर नजर चित्रावरून उतरते आणि परतेपर्यंत मघाचा रंग मनातून पुसट झालेला असतो. पेटीवर साथ करणारा गवयाकडे बघत असतो, त्याची बोटं पट्ट्या आपसूक शोधतात. हात तेवढा बसला की चेहरे दिसायला लागतात.

लग्नाच्या फिल्ममधला हळदीचा प्रसंग घ्या. पिवळा मांडव, नवरीची पिवळी साडी, गालाला ओली हळद, आणि या सगळ्याचा पिवळा उजेड हनुवटीखाली चढलेला. अख्ख्या चित्रातला पिवळा उतरवला तर हळदच फिकी पडते, मग ती हळद कसली! ऑल्ट-एस दाबून नवा नोड घ्यायचा, रंगावरून भाग निवडणाऱ्या क्वालिफायरने कपाळाची, मानेची त्वचा निवडायची आणि शिफ्ट-एच दाबायचं. निवडलेलं तेवढं रंगात राहतं, बाकी सगळं करडं. तेव्हा कळतं की त्वचेबरोबर झेंडूची फुलं आणि एका करवलीच्या पदराचा काठही आत शिरलाय. ते वगळायचं आणि रंगांचा आलेख दाखवणारा व्हेक्टरस्कोप बघायचा. त्यावर त्वचेची एक तिरकी रेघ असते. गोरी, गव्हाळ, सावळी, काळी, कोणाचीही कातडी साध्या पांढऱ्या उजेडात त्या रेघेच्या आसपासच पडते; फरक मुख्यतः उजळपणाचा. हे मला ठाऊक आहे, तरी दर वेळी नव्याने बरं वाटतं.

असा एकेक रंग निवडणं पूर्वी जमत नसे. फिल्मच्या काळात लॅबमध्ये प्रत्येक शॉटला लाल, हिरव्या, निळ्या उजेडाचे आकडे, म्हणजे प्रिंटर लाइट, दिले जात, १ ते ५०. प्रिंट निघाली की बघायची, आकडे बदलायचे, पुन्हा काढायची. त्या आकड्यांनी अख्खं चित्र हलायचं. चित्रातला एकटा हिरवा वेगळा धरता येत नसे. ‘ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?’ या २००० सालच्या चित्रपटासाठी रॉजर डीकिन्स यांना मिसिसिपीतली हिरवीगार झाडी वाळक्या सोनेरी रंगाची हवी होती, त्यासाठी सगळी फिल्म कॉम्प्युटरवर घेऊन ग्रेड करावी लागली.

ते जुने आकडे मात्र गेलेले नाहीत. रिझॉल्व्हमध्ये प्रिंटर लाइटच्या हॉटकी चालू केल्या की नंबरपॅडच्या बटणांनी एकेक रंग पॉइंटापॉइंटाने चढतो-उतरतो. मी सुरुवात इथूनच करतो. ढगाआड ऊन गेल्यावर अंगण जसं एकदम बदलतं, तसं इथे चित्र एकजीव बदलतं. रंगांची चाकं आणि वक्र घेऊन बसलं की तो एकजीवपणा हातून सुटायला लागतो.

पुढच्या शॉटमध्ये नवरीचे वडील आहेत. मांडव तोच, म्हणून बरोबरच्या चिन्हाचं बटण दाबून मागच्या क्लिपची ग्रेड आणली, पण ते कडेला सावलीत उभे आहेत आणि सावली निळसर आहे. लाल दोन पॉइंट वर, निळा एक खाली. आता त्यांचा चेहरा लेकीच्या शेजारी शोभतो. खालचा बाण दाबला. तिकडे करवल्यांनी नवरदेवाच्या भावाला धरून हळद फासायला सुरुवात केली आहे.