कंदासाठी खुडलेली फुले

नेदरलँड्समध्ये नॉर्डवाइकहून हारलेमकडे सुमारे ४० किलोमीटर जाणारी फुलांची मिरवणूक बघायला एप्रिलमध्ये परदेशी पाहुण्यांची झुंबड उडते आणि बहुतेकांच्या मनात ट्यूलिप असते. माझ्या मते या मिरवणुकीचा मानकरी हायसिंथ आहे. शनिवारी रस्त्याच्या कडेला उभे राहिले तर डोळ्यांसमोरून नुसते रंग सरकतात. खरी मिरवणूक कळते ती रविवारी, हारलेममध्ये चित्ररथ उभे असतात तेव्हा. जवळ गेले की दिसते, जांभळा पट्टा म्हणजे रंगवलेले कापड नव्हे. तुऱ्यावरून सुटे केलेले एकेक फूल तोंड बाहेर करून इतके दाटीने बसवलेले असते की आतला सांगाडा कुठे डोकावत नाही. पांढरा रंग जांभळ्याला भिडतो ती रेघही सरळ असते. काही फुलांच्या कडा तपकिरी पडू लागलेल्या असतात. वास मात्र इतका उग्र की मला तो दहा पावलांवरूनच बरा वाटतो.

एवढी फुले येतात कुठून, या प्रश्नातच या सोहळ्याचे मूळ आहे. वाळूच्या टेकड्यांमागच्या या सपाट, निचऱ्याच्या जमिनीत शेतकरी पिकवतो तो कंद. फूल झाडावर राहिले तर बी धरण्यात कंदाचे पोषण खर्ची पडते, शिवाय गळलेल्या पाकळ्या पानांवर कुजून बुरशी येते. म्हणून ऐन बहरात फुले खुडावीच लागतात. १९४४-४५च्या उपासमारीच्या हिवाळ्यात याच देशात लोकांनी ट्यूलिपचे कंद खाऊन दिवस काढले होते. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९४७मध्ये, हिल्लेगोमच्या विलेम वार्मेनहोवेन या उत्पादकाने छोट्या ट्रकवर फुलांचा देवमासा उभा केला आणि आजच्या मिरवणुकीची सुरुवात झाली. ज्या फुलांना बाजारात फारसा भाव नव्हता, त्यांना शेतकऱ्यानेच मान दिला.

ही सगळी कंदांची जाहिरात आहे, असे कुणी म्हणेल. आहेच. १९५०मध्ये लोकांसाठी खुली झालेली क्युकेनहॉफची बागही उत्पादकांनी आपला माल दाखवण्यासाठीच उभारली. पण पिकवणाऱ्याने आपले पीक मिरवण्यात गैर काय? फुलांची नासाडी हा आक्षेप तर टिकतच नाही, कारण ती खुडली जाणारच होती. कंदशेतीत औषधफवारणी फार होते, ही तक्रार मात्र रास्त आहे. तिचे उत्तर शेतातच शोधायला हवे, मिरवणूक थांबवल्याने फवारणी कमी होणार नाही. एप्रिलमध्ये तिकडे जाणार असाल तर शनिवारच्या गर्दीत जागा धरण्याचा हट्ट सोडा आणि रविवार हारलेमसाठी राखून ठेवा.