मुदत दिवसांची, रेंज नशिबाची

आम्ही मूळचे मराठवाड्यातले. बी.एड. झाल्यावर उर्दू माध्यमाच्या शाळेत नोकरी मिळाली ती थेट कोकणात, श्रीवर्धन तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या वाडीत. २०१७ साल होते. निघताना अम्मीने दोनच गोष्टी विचारल्या. मशीद जवळ आहे का, आणि फोन लागेल का? पहिल्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याच संध्याकाळी मगरिबच्या अजानने दिले. दुसऱ्याचे उत्तर शोधता शोधता महिना गेला.

आमच्या खिशात गावाकडचे प्रीपेड कार्ड होते. तिकडे ते घराच्या कोपऱ्याकोपऱ्यात चालायचे. इथे एस.टी. घाट उतरू लागली आणि रेंजच्या काड्या एकेक करून गळाल्या. बाजारातल्या रिचार्जवाल्याला विचारले, इथे कोणते कार्ड चालते? तो माणूस भला निघाला. म्हणाला, "सर, बाजारात सगळीच चालतात. तुम्ही ज्या मोहल्ल्यात राहणार तिथे विचारा. शेजाऱ्याचा फोन मागा आणि आपल्या खोलीत नेऊन बघा."

खेड्यात कार्ड घेणाऱ्याला याहून चांगला सल्ला आम्हांला आजवर मिळालेला नाही. टॉवर जवळ असून भागत नाही. मध्ये जांभ्याचा डोंगर असला तर तीन किलोमीटरवरचा टॉवरही परका. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांबवर जातात, अडथळ्याआडही थोड्याफार पोहोचतात. १८०० किंवा २३०० च्या लहरी लवकर दमतात. त्यात चिऱ्याच्या जाड भिंती आणि पावसाळ्यातली ओली झाडी. वर सड्यावर गेले की सगळ्या काड्या उभ्या, खाली घरात एकही नाही. शेजारच्या खालांकडे जुना बटणांचा फोन होता. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले ते फक्त फोर-जी घेऊन, त्यात टू-जी नाहीच. त्यामुळे बाजारात ज्याची एवढी चर्चा होती ते कार्ड खालांच्या फोनमध्ये घालण्यात अर्थ नव्हता.

नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय देशभर २० जानेवारी २०११ पासून आहे. १९०० या क्रमांकावर पोर्टचा संदेश पाठवायचा. पण तो संदेश जायलाही रेंज लागते, म्हणून त्यासाठी आम्ही सड्यावर चढलो. शेवटी एका फोनमध्ये दोन कार्डे ठेवली, एक खोलीत बोलायला आणि एक सड्यावर नेट वापरायला. दोन कार्डे म्हणजे दोन रिचार्ज.

या रिचार्जचा महिना अठ्ठावीस दिवसांचा असतो. पाचवीच्या वर्गात भागाकार शिकवताना आम्ही फळ्यावर ३६५ भागिले २८ लिहिले. भागाकार १३, बाकी १. मुलांनी लगेच ओळखले, वर्षाचे महिने बारा आणि रिचार्ज तेरा. २०२२ च्या जानेवारीत ट्रायने कंपन्यांना निदान एक तरी प्लॅन ३० दिवसांचा ठेवायला सांगितले, तरी आमच्या बाजारात चलती अठ्ठावीसचीच राहिली. त्या दिवशी मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "सर, ज्या दिवशी रेंज नव्हती ते दिवस वजा करायचे का?" उदाहरणात तसे काही दिलेले नव्हते. आम्ही म्हणालो, "बेटा, कंपनी करत नाही."

तिचा प्रश्न आमच्या मनात राहिला. वाडीतल्या निम्म्या घरांतले पुरुष आखातात, उरलेल्यांतले बरेच मुंबईला. घरी बायका, म्हातारी माणसे, मुले. बायकांना फोन करायचा नसतो, आलेला घ्यायचा असतो. पूर्वी नुसते फोन घ्यायला पैसे पडत नसत. २०१८ च्या अखेरीस काही कंपन्यांनी त्यासाठी किमान ३५ रुपयांचा रिचार्ज लागू केला, आणि पुढे तो आकडाही मागे पडला. कार्ड बहुधा नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या नावावर. बँकेचा, गॅसचा, आधारचा ओटीपी त्याच नंबरवर येणार. रिचार्ज करायचे राहिले आणि नंबर गेला, तर सगळी कामे अडतात आणि नवीन कार्डासाठी ज्याची सही हवी तो माणूस दोह्यात.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. टाळेबंदी होती, शाळा बंद होती, आम्ही वाडीतच अडकलो होतो. दुपारभर वारा घोंघावत होता. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, कौले-पत्रे उडाले, विजेचे खांब कोसळले. त्यापाठोपाठ टॉवर गप्प झाले. दुबई, कुवेत, दोह्यातल्या माणसांनी वादळ टीव्हीवर पाहिले होते. त्यांना एवढेच हवे होते की घरची माणसे आहेत का. आणि ते सांगायला सड्यावरसुद्धा एक काडी उरली नव्हती.

चौथ्या दिवशी रस्त्यावरची झाडे तोडून मोटरसायकलपुरती वाट झाली. दोन तरुण माणगावच्या दिशेने, जिथे रेंज मिळेल तिथपर्यंत जायला तयार झाले. शाळेचे हजेरीबुक आमच्याकडे होते, त्यात पालकांचे नंबर होते. रात्री मेणबत्तीच्या उजेडात आम्ही यादी केली. नाव, परदेशातला नंबर आणि पुढे एक शब्द, खैरियत. तीन घरांपुढे लिहिले, छप्पर गेले, माणसे ठीक. पोरे दुसऱ्या दिवशी रात्री परतली. म्हणाली, पलीकडची माणसे आधी बोलतच नाहीत, नुसती रडतात. त्यांनी यादीतला एकही नंबर सोडला नव्हता. अल्लाह त्यांना खुश ठेवो.

वाडीत रेंज परतायला तीन आठवडे लागले. खालांच्या मुलाने दोह्यातून ३० मे रोजीच त्यांचा रिचार्ज केला होता. फोन जिवंत झाला तेव्हा त्यांनी तो आमच्याकडे वाचायला आणला. पहिलाच संदेश होता, आपली मुदत संपत आली आहे, रिचार्ज करा. अठ्ठावीसपैकी वीसहून अधिक दिवस तो फोन नुसता मांडणीवर पडून होता.

मुदत वाढवता येत नाही असे मात्र नाही. त्याच वर्षी टाळेबंदी लागली तेव्हा मार्चअखेरीस काही कंपन्यांनी गरीब ग्राहकांची मुदत १७ एप्रिलपर्यंत वाढवली होती, वर दहा रुपयांचा टॉकटाइमही दिला होता. ऑगस्ट २०२४ मध्ये ट्रायने सेवेच्या दर्जाचे नवे नियम काढले. एखाद्या जिल्ह्यात सेवा २४ तासांहून जास्त बंद पडली तर प्रीपेडवाल्याला मुदतवाढ द्यायची, १ एप्रिल २०२५ पासून. वाचून बरे वाटले. पुढे वाचले तर माप जिल्ह्याचे आहे, आणि नैसर्गिक आपत्ती त्यातून वगळलेली आहे. जिल्हा चालू असताना एक वाडी बंद पडली तर ती त्यात मोजली जात नाही, आणि वादळात बंद पडली तरी नाही. कंपन्यांनी आपल्या रेंजचा नकाशा संकेतस्थळावर ठेवावा, असेही त्याच नियमांत आहे. तो जरूर पाहावा, पण शेजाऱ्याचा फोन खोलीत नेऊन बघायचे सोडू नये.

आम्ही आमच्यापुरते दोन बदल केले. पालकांच्या नंबरशेजारी आता हजेरीबुकात लिहून ठेवतो की घरात कोणते कार्ड चालते आणि ते कोणाच्या नावावर आहे. ज्या बायकांकडे कागदपत्रे आहेत त्यांना कार्ड स्वतःच्या नावावर घ्यायला सांगतो. दुसरे, पाचवीच्या त्या उदाहरणानंतर आणखी एक देतो. रिचार्ज २८० रुपयांचा, मुदत २८ दिवस, त्यातले ८ दिवस टॉवर बंद. चालू दिवसाचा भाव किती पडला? मुले करतात, दहाचे चौदा झाले.

हा हिशेब आम्ही ग्रामसभेच्या अर्जातही घातला. टॉवर बंद असलेले दिवस मुदतीतून वजा करावेत, माप जिल्ह्याचे न धरता टॉवरचे धरावे, एवढीच मागणी. खाली सह्या आणि अंगठे आहेत, बहुतेक बायकांचे. अर्जात संपर्कासाठी फोन नंबर मागितला होता. तिथे आम्ही शाळेचा टपालाचा पत्ता लिहिला. पोस्टमन रोज येतो.